मानेवरचा उजेड

“मिस, तुमच्या मानेवर पण चमकतंय.”

नशरा हे म्हणाली तेव्हा मी विंचवाची बाटली दोन्ही हातांनी धरून उभी होते. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना गॅदरिंगच्या पडद्याचं काळं कापड ठोकलेलं. बाहेर पनवेलची रणरणती दुपार, आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, आणि त्या काळोखात अकरावीची पोरं माझ्याभोवती एकमेकांच्या खांद्यावर चढून उभी. विंचू चिरनेरचा. तिथल्या सुशांतने काकाच्या कुंपणातले दगड उचलून धरला होता आणि लोणच्याच्या बाटलीत घालून बसमधून आणला होता. शेजारच्या बाईला विंचू आहे म्हणून सांगितलं असतं तर त्याला गव्हाण फाट्यावरच उतरवलं असतं. अतिनील उजेडाच्या दोन टॉर्च मी मागवल्या होत्या. एक सुशांतच्या हातात समोरून, दुसरी नशराच्या हातात माझ्या मागून. आणि तो काळपट, घाणेरडा, चपलेखाली यायच्याच लायकीचा प्राणी बाटलीत हिरवागार पेटला होता. पोरं “आयला” म्हणाली आणि मी रागावले नाही. मी रंगात आले होते. रंगात आले की मला गप्प करणं माझ्या नवऱ्यालाही जमत नाही. काजवा स्वतःचं तेल जाळतो, मी सांगत होते, विंचवाकडे जाळायला काही नाही. तो आपल्याला न दिसणारा उजेड अंगावर घेतो आणि रंग बदलून परत करतो, एवढंच. ह्याला प्रतिदीप्ती म्हणायचं. कशासाठी करतो? नक्की कोणालाच माहीत नाही. पण एक विचार असा आहे की त्याची अख्खी पाठ म्हणजे एक डोळा आहे. तो दगडाखाली बसतो. शेपटीचं टोक जरी बाहेर राहिलं तरी आकाशातला न दिसणारा उजेड त्यावर पडतो, टोक चमकतं, आणि त्या चमकण्यावरून त्याला कळतं की बाबा रे, तू उघडा आहेस, आत सरक. हे वाक्य मी दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी माझं मलाच आवडतं. ते म्हणून संपलं आणि नशरा म्हणाली, मिस, तुमच्या मानेवर पण.

मी हसले. “पावडर असेल गं,” म्हटलं. सुशांत वाकून बघायला आला. “नाही मिस, गोल आहे. पांढरं, निळं. विंचू हिरवा आहे, तुम्ही निळ्या.” कोणीतरी खुसखुसलं. मी बाटली टेबलावर ठेवली, भिंतीपर्यंत चाचपडत गेले आणि ट्यूबलाइट लावली. नशराने माझे मागचे केस अगदी अदबीने बाजूला केले, नीट पाहिलं आणि माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हणाली, “आता काहीच नाही मिस. उजेडात अजिबात दिसत नाहीये.” गुणाची पोर. तिला काय ठाऊक, ती मला काय सांगत होती ते.

मला ठाऊक होतं. मेलं नको तेवढं ठाऊक होतं. माणसाचं कातडं मुळातच चमकतं. आतले धागे, हाडं, दात, सगळं त्या उजेडात निळसर पेटतं. वरून काळ्या रंगाचा पडदा असतो, तो उजेड पिऊन टाकतो, म्हणून आपण चारचौघांत माणसासारखे दिसतो. पडदा जिथे विरतो तिथलं आतलं बाहेर येतं. कातडीचे डॉक्टर असाच दिवा धरून बसतात, कारण साध्या उजेडात डाग दिसायच्या आधी तो त्या दिव्याखाली दिसतो. पावडर चमकते, मलम चमकतं, कपडे धुवायचा साबण चमकतो, हेही मला ठाऊक. म्हणून तास संपल्यावर मी बाथरूममध्ये मान घासघासून धुतली, रुमालाने सोलवटेस्तोवर पुसली आणि नशराला एकटीला प्रयोगशाळेत बोलावलं. “परत बघ.” तिने टॉर्च लावली. मग म्हणाली, “मिस, आमच्या फुफीजानना, म्हणजे आत्याला, पण होतं, त्यांनी दवा घेतली,” आणि मी इतक्या जोरात “तू जा” म्हटलं की तिच्या हातातली टॉर्च पडली. त्याचं नाव आम्ही दोघींनी घेतलं नाही. कोड. घ्या, मी घेतलं.

रिक्षात बसले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. आज गुरुवार, शनिवारी रोशनीची हळद. माझी एकुलती एक पोर, रविवारी लग्न, पत्रिका वाटून झालेल्या, रोडपालीला आमच्या जुन्या घरापुढे मांडवाचे बांबू रोवलेले. रिक्षावाला आरशातून बघत होता. रस्त्याकडे बघत असेल, पण चोराच्या मनात चांदणं. मी पदर मानेभोवती घेतला. माझ्या पाठीला डोळा नाही हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणवलं. सगळ्या जगाला माझी मान दिसते आणि मला ती जन्मात दिसणार नाही. त्या विंचवाला तरी शेपटीचं टोक उघडं पडलेलं कळतं. मला एका अकरावीतल्या पोरीने सांगावं लागलं. कधीपासून असेल? मागच्या महिन्यात साखरपुड्याला अंबाडा घातला होता. गजरा माळायला विहीणबाई स्वतः मागे उभ्या होत्या. त्यांनी गजरा माळला आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला होता, की मला आता तसं वाटतंय? माझ्या मानेला घाम आला आणि तो नेमका त्या जागी थंड लागला. थंड लागायचं काही कारण नाही, शास्त्रात तसं कुठेही नाही. पण लागला.

आमच्या गव्हाणच्या घरात, माझ्या माहेरी, दुधाचा चहा नव्हता. हे मी कोणाला सांगितलं की लोकांना वाटतं गरिबी. गरिबी नव्हे, भीती. आमच्याकडे रोज मासळी. ओली नाही तर सुकी, काही नाही तर जवळा. आणि माशावर दूध प्यायलं की अंगावर कोड फुटतं, हे आजीला देवाच्या अस्तित्वाइतकं पक्कं माहीत होतं. तिच्या धाकट्या मुलीला, माझ्या आत्याला, गुणाबाईला, लग्न ठरल्यावर मनगटावर एक ठिपका आला. आजीने तिला कोंडून विचारलं, खरं सांग, कधी प्यायलीस? आत्या म्हणाली नाय प्यायले. लग्न मोडलं. ठिपक्याचे दोन झाले, हात भरले, गळा भरला, आणि दर ठिपक्याला आजी नव्याने विचारायची. तेव्हापासून घरात दूध बंद. आम्ही भावंडं कोऱ्या चहावर वाढलो. मी कॉलेजला पनवेलला आले तेव्हा कँटीनमध्ये पहिला दुधाचा चहा प्यायले आणि घरी येऊन हात उलटेसुलटे करून बघितले. पुढे एमएस्सी झाले, वर्गात उभी राहून खडू आपटून सांगते की दूध-माशाचा आणि कोडाचा काडीइतका संबंध नाही. आणि आजही जवळा खाल्ला की त्या दिवशी मी चहा घेत नाही. नवरा हसतो. म्हणतो, तुझं शास्त्र डोक्यात आणि आजी पोटात. कपाळ माझं, खरं आहे ते.

आत्या राहिली माहेरीच. मिठागरात कामाला जायची, लुगड्याने सगळं अंग झाकून, कारण त्या पांढऱ्या कातडीला ऊन चावायचं. समुद्रातली काही प्रवाळं चमकतात ती उन्हापासून वाचायला, जळका उजेड घ्यायचा आणि सौम्य करून टाकून द्यायचा, असं मी पोरांना शिकवते. आत्याला ते नव्हतं. ती नुसती भाजायची. आणि गावात लग्न असलं की ती ओटीवर बसायची. आमच्यात लग्न लावायला धवलारीण लागते, बाईच. ती प्रत्येक विधीला धवले गाते, आणि ते म्हणजे काही दोन-चार गाणी नव्हेत, रात्र सरते पण गाणी सरत नाहीत. आत्याला ती सगळी तोंडपाठ होती. धवलारीण मध्येच अडली की ओटीवरून आत्या पुढची ओळ सोडायची, न बघता, तांदूळ निवडता निवडता. सगळे म्हणायचे, गुनाचा गला म्हंजे गला. पण हळदीला तिचा हात नाही. नवरीला लावायला नाही, वाटायला नाही, वाटी उचलून द्यायलाही नाही. कोणी तिला नको असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. म्हणावंच लागत नव्हतं. हळदीची वाटी फिरू लागली की ती आपणहून ओटीवर जायची आणि उंबऱ्याकडे पाठ करून बसायची. लहानपणी मला वाटायचं, मोठं झाल्यावर प्रत्येकीची एक जागा ठरलेली असते, तशी ही आत्याची. आता रिक्षा कळंबोलीच्या पुलाखालून जात होती आणि मला माझी जागा दिसत होती.

घरी आले तर पुतण्या परेश मांडवात डीजेवाल्याबरोबर खोकी उतरवत होता. “काकी, बघ काय आणलंय!” त्याने एक लांबट काळा दिवा वायरला जोडला, आणि भर दुपारी मांडवाच्या सावलीतसुद्धा त्याचा सदरा निळा पेटला, दात पेटले. “यूव्ही लाईट! उलव्याच्या हळदीत बघितली, तेव्हाच ठरवलं. आठ लावणार मांडवाला. सगळ्या लाईट बंद, फक्त ही चालू, आणि हळद असली चमकते ना काकी, सगळी पब्लिक पिवळी जर्द! तुला तर आवडणारच, तुझं सायन्सच आहे ते.” मी दोन पावलं मागे सरले, भिंतीला पाठ लावली. खरोखर लावली, विंचवासारखी. “नको,” मी म्हटलं. “का?” “मला डोकं दुखतं त्या उजेडाने.” “अगं काकी, तूच तर कॉलेजमध्ये ती टॉर्च घेऊन...” “नको म्हटलं ना!” त्याने दयारामकडे बघितलं. माझा नवरा खुर्च्या मोजणाऱ्या माणसाशी बोलत होता, तिथूनच म्हणाला, “शोभा, पोरांची हौस आहे, होऊ दे ना. ॲडव्हान्स पण दिलाय.” मी काय सांगणार होते? दुष्काळात तेरावा महिना.

त्या संध्याकाळी मी बाथरूमचं दार लावून, दिवा बंद करून, हातआरसा एका हातात आणि टॉर्च दुसऱ्या हातात घेऊन उभी राहिले. आरशात जांभळा गोळा दिसायचा, हात हलला की भिंतीवर पळायचा. फोनने फोटो काढला तर सगळाच जांभळा चिखल, त्यात मान कुठली आणि केस कुठले. फोटो लगेच पुसला. आमच्या घरातले फोटो आपोआप सगळ्यांच्या फोनवर जाऊन बसतात, कोणी शिकवून ठेवलंय देव जाणे. डॉक्टरकडे जायचं? पनवेलमध्ये कातडीच्या डॉक्टरकडे बाकावर बसायचं म्हणजे दवंडीच पिटायची. शेजारी निदान एक तरी माजी विद्यार्थी. लग्नानंतर जाईन. पण लग्नाआधी तो मांडव. नवऱ्या मुलाकडची उष्टी हळद घेऊन विहीणबाई किशोरीताई येणार, त्यांच्या दहाबारा बायका येणार. मी वाकून रोशनीच्या कपाळाला हळद लावणार आणि माझी मान सगळ्या मांडवाला दिसणार. आईला आहे म्हणजे घराण्यात आहे. घराण्यात आहेच, म्हणतील, ती ओटीवरची म्हातारी नाही का. आत्याचं लग्न एका ठिपक्याने मोडलं होतं. आता कोण मोडतं लग्नं, काळ बदलला, असं मी दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं.

बाहेर आले तर रोशनी केस पुसत बसली होती, मान पुढे करून. ओली, उघडी, गव्हाळ मान. टॉर्च माझ्या गाऊनच्या खिशात होती. एक बटण. बंद खोली, खिडकीचा पडदा ओढला की झालं. तिला म्हणायचं, थांब, काहीतरी किडा आहे. मी इतकी घाबरले की मला माझ्या कानात रक्त ऐकू आलं. माझ्यासाठी नव्हे. माझं काय, माझे केस अर्धे पिकलेले. पण हिच्या मानेवर जर तो गोल पेटला, तर मी काय करणार होते? सांगणार? लपवणार? आजीसारखी कोंडून विचारणार? पोपटांच्या एका जातीत डोक्यावरची पिवळी पिसं चमकतात आणि मादी जास्त चमकणारा नर निवडते, असा एक निष्कर्ष आहे. तिथे चमकणं म्हणजे स्थळ चालून येणं. देवाघरचा न्याय बघा. “मम्मी, काय बघतेस अशी?” रोशनी म्हणाली. “काही नाही.” “तू ना आजकाल वियर्ड वागतेस. रडू येतंय का? अगं मी तळोज्याला जातेय, अमेरिकेला नाही.” तिने मला मिठी मारली आणि तिचा हात सरळ माझ्या मानेवर आला. मी चटका बसल्यासारखी मागे झाले. तिचा चेहरा उतरला. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि उगाच डबे पुसत बसले.

शनिवारी दुपारी भावाने आत्याला गाडीतून आणलं. किती वाळली आहे आता. हातापायांवर काळं असं फारसं उरलेलंच नाही, पांढऱ्यात कुठेकुठे तपकिरी बेटं राहिलीत. अनोळखी माणसाला वाटावं, गोरी आहे बाई. तिने रोशनीच्या तोंडावरून लांबूनच बोटं फिरवली आणि कानशिलावर मोडली. मग सवयीने ओटीकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं आणि मागच्या खोलीत नेलं. दार लावलं, खिडकी लावली, फटीत टॉवेल कोंबला.

“का गो, दार कशाला लावतंस?”

“आत्या, माझी मान बघ.” मी टॉर्च तिच्या हातात दिली, बटणावर तिचं बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून खाटेवर बसले. जगात दुसरं कोणी नव्हतं जिला हे दाखवता आलं असतं. खट्ट आवाज झाला. बाहेर परेश माइकमध्ये हॅलो हॅलो करत होता. आत्याचा श्वास माझ्या केसांवर येत होता, त्याला पानाचा वास होता.

“हाय,” ती म्हणाली.

“केवढा?”

“चिंचोक्यावडा.”

मी डोळे मिटले. मग मागून तिचा आवाज आला, हळू, अगदी आजीच्या ठसक्यात: “खरं सांग. जवल्यावर च्या प्यायलीस काय गो?”

मला आधी कळलंच नाही. मग मी हसायला लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते समजलं नाही. तिने मला रडू दिलं. माझं आटोपलं तेव्हा खोली निळी झाली होती. टॉर्च तिने स्वतःच्या हातावर धरली होती. चुना दिलेल्या भिंतीसारखे तिचे दोन्ही हात उजळले होते, कोपरापर्यंत, त्यापुढेही, आणि ती आ वासून त्यांच्याकडे बघत होती. जन्मभर बाळगलेलं अंग तिने असं कधी पाहिलंच नव्हतं.

“अगो बाय,” ती म्हणाली. “मी अशी हाय?” मग माझ्याकडे वळून, “तू मास्तरीन ना? सांग, तं चमकतं कशाला?”

मी तिला माझं आवडतं वाक्य सांगू शकले असते. विंचवाला सावली शोधायला, प्रवाळाला उन्हातून वाचायला, पोपटाला जोडीदार मिळवायला. पण ती विंचू नव्हती आणि पोपटही नव्हती. “काहींना उपयोग असतो आत्या,” मी म्हटलं. “काहींचं उगाच असतं. आतला माल तसा असतो, म्हणून चमकतो. माणसाचं तसंच. सगळ्यांचंच आतून असं आहे, रोशनीचं पण, विहीणबाईंचं पण. तुझा वरचा पडदा गेला, एवढंच.”

“दूदाचं नाय?”

“नाही.”

“माशाचं नाय? कायच कारन नाय?”

“नाही गं. काहीच नाही.”

तिने टॉर्च विझवली. “माजी आय मरताना पन इचारीत व्हती,” ती म्हणाली. “खरं सांग, कवा प्यायलीस. तिचा जीव अरकला व्हता. सेवटाला मी सांगलं, प्यायले. चोरून प्यायले. तवा सुटली.” मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. “फुकट सांगलं गो,” एवढंच म्हणाली, जणू बाजारातून काही नको ते आणलं होतं.

आणि मला, लाज वाटली पाहिजे मला, त्या क्षणीसुद्धा माझ्याच मानेचं पडलं होतं. कारण मला सुचलं होतं. हळद त्या उजेडात पिवळी पेटते, परेशने सांगितलं होतं, मी तर पोरांना दाखवलेलंही आहे. मानेला हळद थापली की निळं खाली जाईल, वर नुसतं पिवळं. हळदीच्या दिवशी कोणाच्या मानेला हळद नसते? दिवेलागणीला मी तेलात कालवलेल्या हळदीची वाटी खोलीत घेऊन आले आणि आत्यासमोर धरली. “लाव. त्या जागी, जाड.”

“मी?”

“मला दिसतंय का मागचं? तूच लाव.”

तिने उंबऱ्याकडे पाहिलं, दार बंद आहे ना बघायला. मग दोन बोटं वाटीत घातली आणि तशीच ठेवली. बराच वेळ. मला घाई होती, बाहेर गाड्या लागत होत्या, किशोरीताईंचा आवाज आला होता. शेवटी तिने बोटं काढली आणि माझ्या मानेवर फिरवली, इतकी हलकी की मला ती लागलीच नाहीत.

मी बाहेर गेले. मांडवातले दिवे गेले, आणि आठ जांभळे दिवे लागले, आणि एकच किंकाळी उठली आनंदाची. पांढरे सदरे, दात, पाटावर बसलेल्या रोशनीच्या गालावरची हळद. माणसं दिसेनाशी झाली होती, त्यांच्यावरचं फासलेलं तेवढं दिसत होतं. पोरं नाचत होती. मी मुद्दाम किशोरीताईंकडे पाठ करून त्यांच्या पुढून गेले, आणि त्या हसून म्हणाल्या, “अगंबाई, तुम्हाला कोणी एवढी फासली!” मी हसले. मी वाचले होते. मग डीजे थांबवला, दिवे तसेच ठेवून, कारण आता आईची हळद, आणि धवलारणीने आवाज लावला. मी आत्यासाठी ओटीकडे बघितलं. ती तिथे नव्हती.

ती घराच्या कडेला नळापाशी होती. अंधारात, वाकून, कपड्याच्या साबणाने दोन बोटं घासत होती. नुसती घासत नव्हती, खरवडत होती, आणि मध्येच मांडवाकडे वळून बघत होती, कोणी येत तर नाही ना. मला बघून तिने हात लुगड्यात लपवला. “जातंय गो, जातंय,” ती घाईघाईने म्हणाली. “कोनी बगलं नाय. तू जा, तुजी मान चांगली झाकलीय.”

जी भीती गुरुवारपासून माझ्या मानेवर बसली होती, ती इथे एका म्हातारीच्या दोन बोटांवर बसलेली मला दिसली, आणि ती किती जुनी होती! मी नळाखाली वाकले. “साबण दे,” म्हटलं. “शोभे, का करतंस? शोभे!” मी मान घासली. हळद निघेल तेवढी निघाली. खरं सांगते, मला शौर्य वगैरे काही आलेलं नव्हतं. मला वाटत होतं, मी माझ्या पोरीच्या संसारावर पाणी ओततेय. केस वर बांधले. आत्याचं मनगट धरलं आणि ओढतच तिला जांभळ्या उजेडात नेलं.

माणसं बाजूला झाली. आत्याचे हात पेटले, गळा पेटला, एवढं लख्ख त्या मांडवात दुसरं काही नव्हतं. ती माझ्या मागे लपायला बघत होती, पण मी कुठे मोठी आहे लपवण्याएवढी. मी हळदीची वाटी घेतली, पाटासमोर वाकले आणि सगळ्या मांडवाकडे माझी पाठ झाली. नाचणारी पोरं, दयाराम, परेश, किशोरीताई आणि त्यांच्या बायका, सगळे मागे. मला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. मानेवर वारा लागत होता. रोशनीच्या कपाळाला मी बोट टेकवलं, आणि मागे धवलारणीचा आवाज थांबला.

ओळ अडली की माझी मान दिसली, मला कळायला मार्ग नव्हता. रोशनी माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, काय बघत होती देव जाणे. मी तिच्या डोळ्यांत शोधलं, त्यात नुसते जांभळे दिवे होते. कोणीतरी खोकलं. एक खुर्ची सरकली. माझं बोट तिच्या कपाळावर तसंच राहिलं, उचलता येईना.

मग माझ्या बाजूला आत्या वाकली. तिने वाटीत हात घातला, बोटं नव्हेत, अख्खा हात, तो रोशनीच्या गालावर ठेवला, आणि पुढची ओळ सोडली.